जिवंत माणसाचं माप

१२ फेब्रुवारी

ताईस,

तुझं पत्र सात आठवडे माझ्या उशाखाली पडून आहे. पोस्टानं उशीर केला नाही, मी आजारी नव्हतो, पेन होतं, कागद होता. तरी लिहिलं नाही. रोज लिहायला बसायचो आणि रोज भलतंच काही सुचायचं. एकदा खिडकीची कडी दुरुस्त केली. एकदा मांजरीच्या कानाला औषध लावलं, आणि ती मांजर माझी नाहीच, शेजारच्या खोलीतल्या ड्रायव्हरची आहे. एकदा तर 'ताईस' लिहून झालं, आणि पुढे काय म्हणून बाहेर जाऊन शेंगदाणे घेऊन आलो. ते खाऊन होईतो उजेड गेला.

तर आधी इथलं सांगतो. मधल्या काळात मी बोटीवर भांडी घासली, फळांच्या बागेत शिड्या वाहिल्या, एका रस्त्याच्या कामावर डांबर ढवळलं. तो मुकादम माणूस मोठा मजेशीर होता, स्वतःशीच भांडायचा आणि हरायचा, पण ते राहू दे. आता आठ महिने मी सिस्टर लोकांच्या रुग्णालयात आहे, तळघरातल्या लाँड्रीत. चार मजली इमारत. इथं जी माणसं येतात ती बरी होऊन जायला येत नाहीत, शेवटचे दिवस नीट जावेत म्हणून येतात. बाबांच्या भाषेत सांगायचं तर सगळी पक्की गिऱ्हाइकं. मी वर जात नाही. चादरी खाली येतात, मी धुतो, पिळतो, वाळवतो, आणि एक म्हाताऱ्या सिस्टर इस्त्री करून वर पाठवतात. आठ महिन्यांत मी एकही रुग्ण पाहिलेला नाही, फक्त त्यांच्या चादरी. चादरीवरून बरंच कळतं. हेही राहू दे.

तू एवढंच विचारलंस की आईच्या मातीला का आला नाहीस. मी कार्डावर नुसता इथला पत्ता कळवला, तर चार वर्षांत तुझं पहिलं पत्र आणि त्यात एवढी एकच ओळ. तुझा स्वभावच तसा, टाका घातला की दोरा तोडायचा.

सांगतो. पुन्हा शेंगदाणे आणायला जायच्या आत सांगतो.

आपल्या घरात एकच नियम होता, तुला आठवत असेल. जिवंत माणसावर फीत टाकायची नाही. तू एकदा खेळता खेळता माझी उंची मोजलीस तर बाबांनी तुझ्या हातातून फीत हिसकावून घेतली आणि त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्यांच्या घरी भिंतीवर पोरांच्या उंचीच्या रेघा असतात, आपल्या भिंतीवर एक नाही. मेलेल्यांच्या पेट्या करणाऱ्याच्या घरात माप एकदाच घेतात.

त्या दिवशी डॉक्टर अंगणात उभे राहून बाबांना म्हणाले, दोन दिवस, फार तर तीन. बाबा तसेच वळले. दुकानात गेले आणि एकाच फळीवर रंधा मारत बसले. मी बघत होतो. इंचभर जाडीची फळी, तिचा पार पापड केला, तरी हात थांबेना. तेव्हा माझ्या मनात आलं की या माणसानं तीस वर्षं दुसऱ्यांच्या बायकांची मापं घेतली, आता याला स्वतःच्या बायकोचं घ्यावं लागणार. ते मीच करून टाकतो. ती झोपलीये. तिला कळणार नाही आणि यांना करावं लागणार नाही.

ताई, मी दया करायला गेलो होतो. हे तू मान अथवा मानू नकोस.

आई दाराकडे तोंड करून कुशीवर झोपली होती, दुखतं म्हणून गुडघे पोटाशी घेऊन. मी खांद्यावर फीत टाकली, आणि तिनं डोळे उघडले. मी म्हणालो, "चादर नीट करतोय." तिनं माझ्याकडे बघितलं, मग फितीकडे बघितलं. मग ती भिंतीकडे तोंड करून वळली, आणि तिनं पाय लांब केले. हळूहळू, कण्हत कण्हत, पण पूर्ण सरळ. हात अंगाला लावून घेतले. मी तसं झोपलेलं माणूस रोज बघायचो. जिवंतपणी कुणी तसं झोपत नाही.

मला कळलं की मी तिला सांगून टाकलं. तोपर्यंत ती 'पुढच्या महिन्यात बरं वाटलं की' असं म्हणत होती. माझी फीत बघून ती मेल्यासारखी झोपली आणि दोन दिवसांत मेलीच. मी दुकानाच्या मागच्या दारानं निघालो तो नदीपलीकडे गेलो. तिथं तिसऱ्या दिवशी देवळाची घंटा ऐकली, कुणी गेलं की वाजते ती. कुणासाठी ते मला विचारावं लागलं नाही.

आपले फादर म्हणायचे ना, मरणाऱ्याजवळ प्रभू स्वतः येऊन बसतो, त्याचं सांत्वन करायला. बसला असेल तो. त्याच्या आणि तिच्या मध्ये मी फीत घेऊन गेलो.

आता तू मला एकच सांग. ती नंतर भिंतीकडून वळली का? की शेवटपर्यंत तशीच होती? आणि बाबांना यातलं काही सांगू नकोस.

तुझा,
भिंगरी


२१ फेब्रुवारी

भिंगरीस,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून एवढा राग आला की तू समोर असतास तर तुझं काही खरं नव्हतं.

चार वर्षं मी लोकांना काय काय सांगितलंय तुला माहीत नाही. आधी सांगितलं की तू आजारी आहेस. मग बोटीवर आहेस म्हटलं, आणि ते खरं निघालं याचं मला आज हसू येतंय. बेकरीवाली अजून विचारते, भावाची बोट कुठवर आली. मला मनातून वाटायचं की तू कुणा पोरीच्या मागे गेलास. तसं असतं तर बरं झालं असतं.

तू विचारलंस त्याचं उत्तर देते. मी त्या दिवशी पाचच्या सुमारास आईजवळ गेले. ती भिंतीकडे तोंड करून होती, पाय ताणलेले. पावलांचा आवाज आला तशी तिनं मान न वळवता विचारलं, "झालं का त्याचं? पाय जवळ घेऊ का आता?" मला वाटलं ताप डोक्यात गेलाय. मी म्हटलं, घे की, तुला कुणी धरून ठेवलंय. तिनं पाय पोटाशी घेतले आणि मोठ्यानं कण्हली. मग या कुशीवर वळली. तू जेवलास का ते विचारलं. मी म्हटलं, गेला असेल भटकायला, त्याच्या पायाला भिंगरी.

म्हणजे वळली. एवढं तुला सांगता येतं. बाकी त्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही, आजही कळत नाही. तू त्यातून काही काढत बसू नकोस.

पुढचे दोन दिवस मी फारशी तिच्याजवळ नव्हते, बाबा होते. मी कुठं होते ते ऐक. मागच्या खोलीत दार लावून मी तिच्या पेटीचं अस्तर शिवत होते. बाबांनी सांगितलं नव्हतं. आयत्या वेळी धावपळ नको म्हणून मीच बसले. ती पलीकडे श्वास घेत होती आणि मी इकडे पांढऱ्या कापडाला चुण्या घालत होते. सुईचा आवाज येत नाही याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं. तेव्हा तू एकट्यानं टेंभा मिरवू नकोस. आपण दोघांपैकी कुणीच नुसतं तिच्याजवळ बसलं नाही. दोघंही तिच्या कामाला लागलो होतो.

बाबा बरे आहेत.

ताई


१५ मार्च

ताईस,

तुझ्यावर विश्वास ठेवावासा वाटतो पण ठेवता येत नाही. तू लहानपणापासून दयाळूपणे खोटं बोलत आलीस. माझं कबूतर मेलं तेव्हा ते त्याच्या मामाकडे गेलंय असं तू सांगितलंस, आणि मी दोन वर्षं छपरावर जाऊन मामाची वाट बघत होतो. 'झालं का त्याचं' हे आईचं वाक्य तू रचलं नसशील, पण 'या कुशीवर वळली' हे तू माझ्यासाठी घातलंस असं मला वाटतं. राग मानू नकोस.

इकडे इस्त्रीवाल्या सिस्टरांशी माझं वाजलं. त्या सत्तरीच्या आहेत, कंबरेत वाकलेल्या, आणि इस्त्री गरम आहे का ते थुंकी लावून बघतात. इतर सिस्टर नाकं मुरडतात. मी रविवारी देवळात मिस्साला मागच्या बाकावर बसतो आणि ख्रिस्तप्रसादाची रांग लागली की बाहेर जातो, हे त्यांनी पाहून ठेवलं होतं. म्हणाल्या, कबुली देऊन टाक एकदाची. मी म्हटलं, सिस्टर, आमचा जन्म पेट्या करण्यात गेला, त्या फादरांच्या कबुलीच्या पेटीत शिरायची मला भीती वाटते. त्या हसल्या नाहीत. मग मी आडून आडून विचारलं की समजा एखाद्यानं मरणाऱ्या माणसाचा धीर मोडला, तर देव त्याला क्षमा करतो का.

"एखादा म्हणजे तू," त्या म्हणाल्या आणि उशीचा अभ्रा उलटा केला.

मग सगळं सांगितलं. फीत, भिंत, पाय, सगळं. त्यांचा हात चालूच होता. सांगून झाल्यावर मी म्हटलं, देव क्षमा करील, त्याचं कामच ते. पण ज्याचं वाकडं केलं ते माणूस तर मेलं. देवानं तिच्या वतीनं परस्पर क्षमा कशी करायची? हा कुठला न्याय? मला वाटलं होतं त्या रागावतील. त्या म्हणाल्या, न्याय नाहीच तो. न्याय असता तर त्याला दया कशाला म्हटलं असतं. आणि मग इस्त्री उभी ठेवून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला शिक्षा हवीये. शिक्षा बरी असते, ती घेऊन माणसाला चालू पडता येतं. दया घेतली की थांबावं लागतं."

मला ते झोंबलं. मी म्हटलं, तुमचा देव वर बसून दया करतो, त्याला काय जातं. तर म्हणाल्या, वर बसून चिठ्ठी पाठवून भागलं असतं तर तो खाली आला कशाला असता? खिळे ठोकून घ्यायला? तुझ्या बापाला विचार, खिळा म्हणजे काय ते. मग त्यांनी मला अर्धी पोळी दिली, आणि मी ती मांजरीला दिली. ही मांजर म्हणजे ती ड्रायव्हरची नव्हे, ही दुसरी.

खरं सांगायचं ते शेवटी सांगतो. मी इथून निघतोय. उत्तरेकडे खाणीच्या रस्त्याचं काम निघालंय, जाऊन-येऊन राहण्यासारखं नाही, तिथं पोस्ट नाही. पाच एप्रिलला त्यांची गाडी माणसं घ्यायला येते. पिशवी भरून ठेवलीये. मला इथं बसवत नाही. वरच्या मजल्यावर कुणी गेलं की लिफ्ट खाली येते, तिच्यात फक्त चादर असते, आणि ती अजून कोमट असते. तू पाचच्या आत लिहिलंस तर मिळेल.

भिंगरी


२४ मार्च

भिंगरीस,

मी बाबांना सांगितलं. तू नको म्हणाला होतास ते माहीत आहे. पाच तारखेला तू पत्त्याबाहेर जाणार, मग मी कुणाला विचारत बसू? शेवटचे दोन दिवस तिच्याजवळ तेच होते.

आधी एक कबूल करते. बाबा बरे आहेत असं मी लिहिलं होतं, ते बरे नाहीत. खिळा ठोकायचा असला की मला धरायला लावतात. मिस्साला जातात, पण मागच्या बाकावर बसतात आणि ख्रिस्तप्रसाद घेत नाहीत, आईला मातीत ठेवलं त्या रविवारपासून. फादर दोनदा घरी येऊन गेले. बाबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, उत्तर दिलं नाही. तुझं पत्र वाचताना मागच्या बाकापाशी आले आणि मला ते खाली ठेवावं लागलं. तुम्हा दोघांची खोड एकच, आणि तीनशे मैलांवरून.

तर मी दुपारी दुकानात गेले आणि तुझं पहिलं पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते फळी घासत होते. 'चादर नीट करतोय' आलं तिथं हात थांबला. 'पाय लांब केले' आलं तेव्हा म्हणाले, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. मग आई पाचला मला काय म्हणाली तेही सांगितलं. हे मी त्यांनाही कधी सांगितलं नव्हतं. तापातलं बोलणं काय सांगायचं?

ते बराच वेळ भुश्यात पायानं रेघा ओढत होते. मग म्हणाले, "गाढव आहे तो. आणि तूही. अगं, गुडघे पोटाशी असलेल्या माणसाची उंची मिळते का? तिनं पाय लांब केले ते त्याला माप मिळावं म्हणून. तोंड फिरवलं ते त्याला लाज वाटू नये म्हणून."

मी खाली बसले. पुढचं ते तुकड्या तुकड्यानं बोलले. त्याच रात्री आईनं त्यांना सांगितलं होतं, पोरगा माप घ्यायला आला होता, तुम्हाला घ्यावं लागू नये म्हणून आला असणार, मला वाटलं त्याला मदत करावी. डॉक्टर काय बोलले ते तिला खिडकीतून ऐकू आलंच होतं. तीस वर्षं पेट्यांच्या घरात काढलेली बाई ती, फितीला कशाला घाबरेल? 'पुढच्या महिन्यात' वगैरे ती आपल्यासाठी म्हणायची, आपण घाबरू नये म्हणून.

तू घाबरून पळालास तेव्हा ती भिंतीकडे बघत होती. तिला वाटलं तू अजून मागे उभा आहेस. मग वाटलं खांद्याचं लिहून ठेवायला गेलास, येशील. म्हणून पाय तसेच ठेवले. मी आत गेले तोपर्यंत.

आता मी ही गोष्ट दयाळूपणे खोटी सांगतेय असं म्हणू नकोस. खोटं सांगायचं असतं तर यापेक्षा सोपं सांगितलं असतं. पुढचंही सांगते म्हणजे तुला पटेल. ते दोन दिवस ती तुझी वाट बघत होती. दाराशी काही वाजलं की मान उचलायची. बाबा म्हणाले, शेवटी मान उचलवेना तेव्हा तिनं त्यांना खाट फिरवायला लावली, दार दिसेल अशी.

हे सांगून ते उठले आणि दुकान बंद केलं. तीन दिवस झाले, उघडलेलं नाही. माझ्याशी बोलत नाहीत. मी आतापर्यंत गप्प राहिले म्हणून रागावलेत, की तू पळालास म्हणून, कळायला मार्ग नाही. तू आत्ता लगेच इकडे येऊ नकोस, त्यांचं काय चाललंय ते मला समजू दे. पण खाणीवरही जाऊ नकोस. आहेस तिथं राहा. एवढं एकदा तरी माझं ऐक.

ताई


४ एप्रिल

ताईस,

तुझं पत्र तीस तारखेला मिळालं. तेव्हापासून मी ते नीट घडी घालून खिशात ठेवतो, काढतो, पुन्हा ठेवतो. वाचलं एकदाच. पाठ झालं.

तुला वाटलं असेल मला हायसं वाटेल. पहिली पाच मिनिटं वाटलं. आई घाबरली नव्हती, तिनं मला मदत केली. मी तिथंच चादरींच्या ढिगावर बसलो आणि हसलो, खरंच हसलो, कारण बाबा म्हणतात तसा मी गाढव आहे. उंची घ्यायला पाय सरळ लागतात, हे मला सातव्या वर्षी ठाऊक होतं. आणि मग ते खाटेचं आठवलं.

चार वर्षं मी एक पाप उराशी धरून गावोगाव हिंडलो आणि ते माझं नव्हतंच. माझं दुसरंच होतं, तिकडे मी कधी बघितलंही नाही. फितीनं तिचं काही बिघडलं नाही. तिचं जे बिघडलं ते मी नव्हतो म्हणून. दुपारी बारापासून पाचपर्यंत ती पाय ताणून पडली होती, त्या दुखण्यात, मी येऊन काम पुरं करीन म्हणून. मी नदीकाठी दगड मारत बसलो होतो. मला आठवतंय, एक दगड चार टप्पे गेला आणि मला त्याचा आनंद झाला.

म्हणजे तिनं मला क्षमा केली होती, मी पळायच्याही आधी. मग मी पळालो. आता ती क्षमा घ्यायची कुणाच्या हातून?

हे मी सिस्टरांना विचारलं. त्यांनी धुतलेल्या चादरींची चळत माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, वरच्या कामाची मुलगी आज आली नाही, तिसऱ्या मजल्यावर सात नंबरला चादर बदलायची आहे. मी म्हटलं, मी वर जात नाही हे ठरलंय आपलं. म्हणाल्या, तुझं ठरलं असेल, माझं गुडघ्यानं ठरवलंय, मला जिना चढवत नाही. लिफ्ट चालू होती, ताई. दोघांनाही ऐकू येत होती.

सात नंबरला एक बाई होती. शिक्षिका होती म्हणे कुठल्याशा शाळेत. आता नुसती हाडं. भिंतीवर क्रूस, खिडकीत एक कुंडी, तिच्यात काही लावलेलं नव्हतं. चादर बदलायची तर माणसाला एका कुशीवर करायचं, अर्धी घालायची, मग दुसऱ्या कुशीवर. मला सिस्टरांनी शिकवलं होतं, पण रिकाम्या खाटेवर. मी तिच्या खांद्याला हात लावला आणि तिनं डोळे उघडले. माझ्या हातात दुमडलेली चादर होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग हाताकडे बघितलं.

माझे पाय दाराकडे वळले होते, खोटं सांगत नाही. पण चादर अर्धी घातलेली होती आणि बाई अर्धी उघडी. मी म्हणालो, "चादर नीट करतोय."

ती म्हणाली, "कर ना. गार लागतंय." आणि करता यावं म्हणून आपणहून वळायला लागली. तिला जमत नव्हतं. मी तिला धरलं. वजन काहीच नव्हतं, पण वळायला आम्हा दोघांना खूप वेळ लागला. चादर घालून झाली, चारी कोपरे खोचले, पांघरूण घातलं. मी निघालो तर तिनं मनगट धरलं. झोपली तशीच, मनगट धरून. मी उभाच होतो. मग पायानं स्टूल ओढून बसलो. बाहेर दुपार होती, कुणीतरी अंगणात सायकलची चेन बसवत होतं आणि ती पुन्हा पुन्हा निघत होती. दोन तास बसलो असेन. प्रार्थना केली नाही. करायची होती, पण नुसता बसलो. तिला कुणी मुलगा आहे का मला माहीत नाही. मी कुणाच्या तरी जागेवर बसलोय असं वाटत होतं, आणि त्या जागेवर माझ्या आधीपासून कुणीतरी बसलेलं आहे आणि ते थोडं सरकलंय असंही. हे मी फादरांसमोर बोलणार नाही, ते याचं प्रवचन करतील.

खाली आलो तर सिस्टरांनी विचारलं, एका चादरीला एवढा वेळ? मी म्हटलं, कोपरे अवघड होते.

ती बाई परवा गेली. चादर माझ्याकडेच आली धुवायला. यावेळी मी ती लगेच पाण्यात टाकली नाही.

तुला वाटेल आता हा सुधारला. नाही गं. उद्याची गाडी सकाळी सहाला आहे आणि पिशवी अजून दारामागे भरलेलीच आहे. दोनदा उघडली, दोनदा बांधली. इथं राहिलो तर रोज कुणीतरी तसं बघणार. गेलो तर कुणी बघणार नाही. घरी यायचं म्हटलं तर तू येऊ नकोस म्हणतेस, आणि बाबांनी दुकान बंद केलंय. त्या दुकानाच्या दारात उभा राहून मी काय म्हणू? तिनं खाट फिरवून घेतली हे ज्या माणसाच्या हातानं झालं, त्याच्यासमोर जायची माझी छाती नाही. तेव्हा तू मला भित्रा म्हण, चालेल. मी उद्या जाईन असंच दिसतंय. खाणीवरून पोस्ट नसलं तरी कुणी येणारं-जाणारं भेटलं तर त्याच्या हाती

थांब. फाटकावरचा वॉचमन खाली आलाय.

ताई, मी उभ्यानंच लिहितोय, अक्षर वाचता आलं तर बघ. वॉचमन म्हणतो, बाहेर एक म्हातारा आलाय, काल निघालेला, तीन गाड्या बदलून. एक बूट फाटलाय. नाव काही सांगत नाही, नुसतं विचारतोय, पेट्या करणाऱ्याचा पोरगा इथंच असतो का. नदीचा पूल ओलांडून जो माणूस कधी लाकूड आणायलाही गेला नाही, तो. तू तिकडे त्यांना शोधत असशील तर शोधू नकोस. वॉचमननं त्यांना आत बाकावर बसायला सांगितलं तर बसले नाहीत, उभेच आहेत फाटकाला धरून.

त्यांनी निरोप पाठवलाय. वॉचमननं दोनदा सांगितला, कारण मी पहिल्यांदा नुसता बघत राहिलो. म्हणाले, त्याला सांगा, मलाही त्याला काही सांगायचंय जे मी फादरला सांगितलेलं नाही. आणि सांगा, मागच्या दारानं पळू नकोस म्हणावं, माझ्याच्यानं आता धावणं होत नाही.